नेहमीपेक्षा रुंद डायनिंग टेबलाला बसेल असा टेबलक्लॉथ कसा मिळवावा?

रानवारा

नमस्कार मंडळी. आमचं डायनिंग टेबल जुन्या दारांच्या फळ्या जोडून बनवलेलं आहे. लांबी 90 इंच, रुंदी 57 इंच, उंची 30 इंच. टेबल फार सुंदर आहे आणि घरातल्या सगळ्यांचा त्यावर जीव आहे, पण त्याला अंगासरशी बसेल असा टेबलक्लॉथ काही केल्या मिळत नाही. तयार मिळणारे जवळजवळ सगळे 60 इंच रुंद. लांबी 84 घ्या, 102 घ्या, 120 घ्या, रुंदी आपली 60 च. म्हणजे आमच्या टेबलावर दोन्ही बाजूंना जेमतेम दीड इंच खाली येतो. जरा हात लागला की एका बाजूने लाकूड उघडं.

आम्हाला रोजच्या वापराचा, धुता येईल असा, शक्यतो सुती हवा आहे. लांब बाजूंना तीन-तीन आणि टोकांना एकेक अशा खुर्च्या असतात. शिलाई मशीन घरी आहे, सरळ टीप नीट मारता येते. कुणी इतक्या रुंद टेबलासाठी काही केलं असेल तर कृपया सविस्तर सांगा.

मोजपट्टी

रानवारा, आधी एक आकडा ठरवा, मग बाकीचं सोपं होतं: कापड टेबलाखाली किती इंच सोडायचं. रोजच्या वापराला 6 ते 8 इंच छान दिसतं आणि पायात येत नाही. खास प्रसंगी 10 ते 12 पर्यंत चालतं. खुर्चीची बैठक जमिनीपासून साधारण 18 इंचांवर असते आणि तुमचं टेबल 30 इंच उंच आहे, म्हणजे 12 इंचांपेक्षा जास्त सोडलंत की ते माणसाच्या मांडीवर येऊन पडणार आणि उठताना ओढलं जाणार.

8 इंच धरले तर तुम्हाला तयार माप हवं 73 बाय 106 इंच. लांबीत काही अडत नाही, अडतंय ते फक्त रुंदीत.

कोपऱ्यांचंही लक्षात घ्या. चौकोनी कापडाचा कोपरा बाजूपेक्षा जास्त खाली लोंबतो, साधारण 1.4 पट. बाजूला 8 इंच सोडलं तर कोपऱ्याचं टोक सव्वाअकरा इंचांवर येतं. बाजूला 15 सोडलं तर टोक 21 इंचांवर. घरात लहान मूल रांगत असेल तर हे आधीच बघून ठेवलेलं बरं, कारण ते टोकच धरून ओढतं.

पानगळ

जाडजूड सपाट चादर! फिटेड नव्हे, सपाट. डबलची चादर 90 बाय 108 इंच मिळते. तुमच्या टेबलाला सरळ पुरते, जोड नाही, काही नाही. रुंदीतलं जास्तीचं कापून दुमडून घ्यायचं.

रानवारा

पानगळ, हा विचार मनात आला होता, पण चादरीचं कापड टेबलावर फार पातळ दिसेल का? आमचं लाकूड गडद आहे.

पानगळ

पातळ चादर घेतलीत तर दिसेल, आणि फिक्या रंगाखालून फळ्यांच्या रेघाही दिसतील. म्हणून खाली एक थर घालायचा. फ्लॅनेल किंवा जुनी मऊ घोंगडी टेबलाच्या मापाची कापून अंथरायची, वर चादर. त्याने भांड्यांचा आवाजही कमी होतो आणि कापड घसरत नाही. मी कितीतरी वर्षं असंच करते आहे.

टाका_टीप

पानगळताईंच्या उपायाला माझा पाठिंबा, फक्त त्यात एक पायरी घाला: कापण्याआधी चादर धुवून वाळवून इस्त्री करा. सुती कापड पहिल्या धुण्यात 3 ते 5 टक्के आटतं. 108 इंचांची चादर 4 टक्के आटली तर उरते सुमारे 104. मग लांबीच्या दोन्ही टोकांना 8 ऐवजी 7 इंचच खाली येईल. तेवढं चालण्यासारखं आहे, पण मग रुंदीतही 7 च ठेवा म्हणजे चारही बाजू सारख्या दिसतील. न धुता कापलंत तर आधी बरोबर बसलेलं कापड एका धुण्यानंतर आखूड होतं आणि तेव्हा हातात काही उरलेलं नसतं.

मी शिवणकाम करते. तुमच्या प्रश्नाचं मूळ पन्ह्यात, म्हणजे कापडाच्या रुंदीत आहे, म्हणून तिथून सांगते.

कापडाचा पन्हा माग ठरवतो. हातमागाचं सुती कापड बहुधा 36 ते 48 इंच पन्ह्याचं असतं. कारण विणकराला धोटा, म्हणजे आडवा धागा नेणारं साधन, एका हातातून दुसऱ्या हातात द्यायचा असतो आणि त्याच्या हातांची पोच तेवढीच. 1733 साली जॉन के यांनी दोरीने फेकायचा धोटा काढला, तेव्हा एकट्या विणकराला जास्त रुंद कापड विणता येऊ लागलं. त्याआधी फार रुंद कापडाला मागावर दोन माणसं बसवावी लागत. यंत्रमाग आल्यावर पन्हे वाढले, तरी ड्रेसचं आणि शर्टाचं कापड 44 ते 60 मध्येच राहिलं, कारण शिवणाऱ्याला त्याहून रुंद नको असतं. सोफ्याचं कापड 54 च्या आसपास. रुंद पन्हा लागतो तो पलंगाला आणि खिडकीला. म्हणून चादरीचं कापड 90 आणि 108 इंचांत मिळतं, आणि पडद्यांचं जाळीदार कापड 118 इंचांपर्यंत.

म्हणून दुकानात गेल्यावर ‘टेबलक्लॉथ दाखवा’ म्हणू नका. ‘चादरीचं कापड मीटरवर मिळेल का, पन्हा किती’ असं विचारा. गोधडीच्या मागे लावायला रुंद सुती कापड मिळतं तेही 108 इंचांत असतं आणि त्यात रंग-नक्षी बरीच सापडते.

अबोली

पन्ह्याची ही माहिती मला अगदी नवी आहे. कापडाच्या गाठोड्यावर लिहिलेला तो आकडा मी आजवर वाचायचेच नाही.

सुतारपक्षी

मी लाकडाचं काम करतो, म्हणून टेबलाच्या बाजूने थोडं बोलतो.

रानवारा, 57 इंच एकाच ठिकाणी मोजलंत का? जुन्या फळ्या जोडलेल्या टेबलाची रुंदी दोन्ही टोकांना आणि मधे वेगवेगळी निघू शकते. शिवाय हवेतल्या ओलाव्याने लाकूड आडव्या दिशेने फुगतं आणि आकसतं. लांबीत फरक नगण्य असतो, रुंदीत असतो. तीन ठिकाणी मोजा आणि सगळ्यात मोठा आकडा धरा. दोन्ही कर्णही मोजून बघा. कर्ण सारखे नसतील तर टेबल काटकोनात नाही, आणि मग कितीही सरळ शिवलेलं कापड तिरकं वाटेल. दोष कापडाचा नसतो.

दुसरं. प्लॅस्टिकचा विचार करत असाल तर सांभाळून. पारदर्शक पीव्हीसी शीट मऊ राहावी म्हणून त्यात जे द्रव्य घालतात ते हळूहळू बाहेर येतं आणि काही पॉलिशांना, विशेषतः लॅकरला, मऊ करून चिकटवून टाकतं. शीट उचलताना पॉलिशही निघून येतं. गरम भांडं ठेवलं तर शीटवर वळ उठतो तो वेगळाच. मधे फ्लॅनेलचा थर असेल तर धोका बराच कमी. तरी चांगल्या लाकडावर ती थेट अंथरू नये असं माझं स्पष्ट मत आहे. तसंही ती गुंडाळी बहुधा 54 इंच पन्ह्याची येते. तुमच्या टेबलाला तीन इंच कमीच पडेल.

निळावंती

माझं मत थोडं वेगळं आहे. इतकं सुंदर लाकूड असताना ते पूर्ण झाकायचंच कशाला? 57 इंच रुंद टेबलाचा मध्य दोन्ही कडांपासून साडेअठ्ठावीस इंचांवर असतो. बसल्या जागेवरून तिथवर हात पोचायला वाकावं लागतं. म्हणजे मधला भाग फारसा मळतच नाही, मळतात त्या कडा. एक मोठं कापड घातलं की कडेच्या एका डागासाठी सगळं धुवायला टाकावं लागतं.

आम्ही आडव्या पट्ट्या वापरतो. लांबीच्या दिशेने मधोमध टाकतात तशी नाही, रुंदीवर आडवी. 18 इंच रुंद पट्टी, एका बाजूच्या माणसासमोरून जाऊन समोरच्या माणसापुढे उतरते, दोघांचीही ताटं तिच्यावर. तुमच्या टेबलाला 73 इंच लांबीच्या तीन पट्ट्या लागतील, टोकांना दोन चटया. मधून लाकूड दिसत राहतं. डाग पडला तर तेवढी एक पट्टी धुतली की झालं. 44 पन्ह्याच्या कापडात दोन पट्ट्या शेजारी-शेजारी निघतात.

रानवारा

सगळ्यांचे मनापासून आभार. सुतारपक्षी, तुम्ही म्हणालात तसं मोजलं. एका टोकाला 56 आणि पाव, मधे 57, दुसऱ्या टोकाला पावणेसत्तावन्न. कर्ण सारखे आले.

निळावंती, तुमची पट्ट्यांची कल्पना घरात सगळ्यांना आवडली. पण आमच्या टेबलावर मुलं अभ्यासही करतात, रंग-कात्री-डिंक सगळं चालतं. म्हणून पूर्ण झाकणारं एक तरी कापड हवंच.

आणखी एक अडचण. मला जे कापड मनापासून आवडलं आहे ते हातमागाचं आहे, जाडसर, निळं, आणि पन्हा 44 इंच. चादरीच्या कापडात तसा पोत नाही. जोड दिला तर फार वाईट दिसेल का?

पानगळ

मी तर म्हणेन जोड नकोच. टेबलाच्या मधोमध शिवण आली की सगळ्यांची नजर तिथेच जाते. पेला शिवणीवर ठेवला तर डुगडुगतो.

टाका_टीप

पानगळताई, मधोमध जोड वाईट दिसतो याबद्दल दुमत नाही. पण जोड मधोमध देतं कोण? जोडाची जागा आपण ठरवायची असते.

रानवारा, नेहमीची पद्धत अशी: पूर्ण पन्ह्याचा एक तुकडा मधे आणि दोन अरुंद तुकडे बाजूंना, तिन्ही टेबलाच्या लांबीच्या दिशेने. 54-58 पन्ह्याचं कापड असेल तर जोड कडेच्या जवळ किंवा खाली लोंबणाऱ्या भागात जातो आणि डोळ्यांत येत नाही. तिथेही जोड अगदी टेबलाच्या धारेवर येऊ द्यायचा नाही, कारण तिथे मनगटं सतत घासतात आणि शिवण आधी झिजते. इंचभर खाली गेला की उत्तम.

पण तुमचा पन्हा 44. किनार कापून आणि शिवणीला गेलेलं वजा करून मधला तुकडा उरेल 42 इंच. टेबल 57. म्हणजे जोड दोन्ही कडांपासून साडेसात इंच आत येईल. तिथे बरोब्बर ताटं असतात! ताट कडेपासून इंचभर सोडून ठेवलं आणि ते 11 इंचांचं असेल तर जोड ताटाच्या थेट खाली. लांबीच्या दिशेने तीन तुकडे तुमच्या बाबतीत करू नका.

कापड आडवं घ्या. निळावंती जशा पट्ट्या टाकतात तसंच, फक्त एकमेकींना शिवलेल्या.

तुमच्या 90 इंचांच्या बाजूला तीन खुर्च्या आहेत, म्हणजे प्रत्येक माणसाला 30 इंच. पहिल्या आणि दुसऱ्या खुर्चीच्या मधली जागा टोकापासून 30 इंचांवर, दुसऱ्या-तिसऱ्याच्या मधली 60 वर. जोड तिथे द्यायचे. मधला तुकडा 30 इंच. टोकांचे दोन्ही तुकडे 30 अधिक खाली सोडायचे 8, म्हणजे 38. त्यात दुमडीला 2 आणि शिवणीला अर्धा मिळवला तर साडेचाळीस. 44 पन्ह्यात आरामात बसतं. जोडावर ताटही येत नाही आणि कुणाचा हातही. दोन माणसांच्या मधे एक सरळ रेघ दिसते, तीही टेबलाच्या आखणीचाच भाग वाटते.

कापड किती लागेल ते असं. प्रत्येक तुकड्याची लांबी 73, दोन्ही बाजूंच्या दुमडीला 4, म्हणजे 77. आटण्यासाठी 5 टक्के धरून 81. तीन तुकडे म्हणजे 243 इंच, सव्वासहा मीटर घ्या.

निळावंती

हे फार छान सुचवलंत. म्हणजे माझ्या पट्ट्या आणि त्यांचा पूर्ण टेबलक्लॉथ, दोन्ही एकातच जमलं.

अबोली

टाका_टीप ताई, आडवं घेतलं की नक्षी आडवी नाही का होणार?

टाका_टीप

होते, म्हणून कापड निवडतानाच बघायचं. फुलं, पक्षी, कोयऱ्या एकाच दिशेला तोंड करून असतील तर ते लांब बाजूंपैकी एकीकडच्या माणसांना सरळ आणि समोरच्यांना उलटे दिसणार. उभ्या रेघांचं कापड आडवं टाकलं तर रेघा टेबलाच्या रुंदीवर धावतात. मला ते उलट बरं वाटतं, रुंद टेबल त्याने नेटकं दिसतं. चौकडा असेल तर जोडावर चौकडी जुळवावी लागते. त्यासाठी प्रत्येक तुकड्यामागे नक्षीची एक पुनरावृत्ती जेवढ्या इंचांची असेल तेवढं जास्तीचं कापड घ्या. रानवाराचं साधं निळं आहे, तिला काहीच त्रास नाही.

सुईदोरा

मी हे धागे नेहमी नुसते वाचतो, पण शिवणीबद्दल लिहावंसं वाटलं. जोड कुठे द्यायचा हे ठरलं, आता कसा द्यायचा.

आधी किनार. मागावरची किनार कापडाच्या अंगापेक्षा घट्ट विणलेली असते. ती जोडात तशीच ठेवली तर धुतल्यावर ओढून धरते आणि शिवणीला सुरकुत्या पडतात. दोन्हीकडची अर्धा-अर्धा इंच कापून टाका. तुकडे कापताना कात्रीच्या भरवशावर सरळ जाऊ नका. आडवा एक धागा ओढून काढा, त्याची जी बारीक रेघ उमटते तिच्यावरून कापा. हातमागाच्या जाडसर कापडात धागा सहज निघतो.

तिन्ही तुकड्यांचा ताणा, म्हणजे किनारीला समांतर जाणारे उभे धागे, एकाच दिशेला ठेवा. ताण्याच्या दिशेने कापड जास्त आटतं, बाण्याच्या, म्हणजे आडव्या धाग्यांच्या दिशेने कमी. कापड वाचवायला एक तुकडा फिरवून लावला तर दोन-चार धुण्यांत तो इतरांपेक्षा लांब किंवा आखूड होतो आणि कापड कधीच सपाट बसत नाही.

आता शिवण. एकात एक दुमडून दोन टिपा मारायची चपटी शिवण मजबूत असते, पण जाड कापडात तिचे चार थर एकावर एक येतात आणि उंचवटा जाणवतो. टेबलाच्या वरच्या भागाला मी साधी शिवण पसंत करतो. दोन्ही कडा आधी ओव्हरलॉक किंवा झिगझॅग करायच्या, साधी टीप मारायची, मग शिवणीच्या कडा मागून दोन्हीकडे उघडून इस्त्रीने दाबायच्या. ही सगळ्यात सपाट बसते. खाली फ्लॅनेल असेल तर पेला हलतही नाही. पानगळताईंची काळजी तिथे मिटावी.

खालचा फ्लॅनेलही 57 इंच रुंद मिळाला नाही तर दोन तुकडे एकमेकांवर चढवू नका. कडेला कड भिडवून वरून रुंद झिगझॅग मारा. उंचवटा येतच नाही.

पानगळ

सुईदोरा, अशी भिडवून झिगझॅग मारायची पद्धत मला माहीत नव्हती. माझ्या घोंगडीच्या मधे जोडाची एक जाड रेघ आहे, ती उसवून तशी करते. जोडाबद्दलचं माझं मत आता बदललं आहे, खुर्च्यांच्या मधे आला तर खरंच काही बिघडत नाही.

अबोली

दोन तुकड्यांच्या मधे लेसची पट्टी लावली तर? माझ्या आत्याकडे तसं होतं. जोड लपवण्याऐवजी तोच सजवलेला, आणि लेस पातळ असल्यामुळे उंचवटाही नव्हता.

सुईदोरा

सुंदर दिसतं. लेस सुती घ्या आणि तीही आधी धुवून घ्या, नाहीतर कापड एका मापाने आटतं आणि लेस दुसऱ्या. आणि मुलं त्यावर चित्रं रंगवणार असतील तर रोजच्या कापडाला लेस नको, पेन्सिलीचं टोक अडकतं.

मोजपट्टी

ज्यांच्याकडे मशीन नाही त्यांच्यासाठी एक मार्ग राहिला. समारंभांच्या घडीच्या टेबलांसाठी तयार टेबलक्लॉथ मिळतात, 90 बाय 132 आणि 90 बाय 156 इंचांचे. ही टेबलं 30 इंच रुंद आणि 30 इंच उंच असतात, आणि कापड चारही बाजूंनी जमिनीपर्यंत टेकावं अशा हिशेबाने मापं काढलेली असतात. टेबलाची 30 रुंदी अधिक दोन्हीकडे 30-30, झाले 90. सहा फुटी टेबलाची लांबी 72, अधिक 60, झाले 132. आठ फुटीला 96 अधिक 60, म्हणजे 156. आपल्या कामाची गोष्ट ही की 90 रुंदी अखंड मिळते. रानवाराच्या टेबलावर 90 बाय 132 चा टाकला तर रुंदीत साडेसोळा आणि लांबीत 21 इंच खाली येईल. ते फार आहे, पण शिंप्याकडून दोन बाजू कापून दुमडून घेणं हे अर्ध्या तासाचं काम. हे बहुतेक पॉलिस्टरचे असतात. आटत नाहीत, लवकर वाळतात, पण घसरतात, आणि उन्हाळ्यात हाताखाली सुतीइतके बरे वाटत नाहीत.

सुतारपक्षी

शिवलेल्या कापडाला इस्त्री टेबलावरच कराल तर खाली जाड घोंगडी दुहेरी करून घाला. नुसत्या कापडावरून गरम इस्त्री आणि वाफ गेली की पॉलिशवर पांढरट ढग उमटतात.

रानवारा

सव्वासहा मीटर निळं कापड आणलं, भिजवलं, वाळवलं. टाका_टीप ताई, तुमचा हिशेब अगदी नेमका होता. लांबीत जवळजवळ 4 टक्के आटलं आणि रुंदीत इंचभरच. धागा ओढून कापलं. जोड खुर्च्यांच्या मधे, 30 आणि 60 वर. शिवण सुईदोरा यांनी सांगितली तशी उघडून दाबली. कोपऱ्यांची दुमड तिरकी कापून बसवली, त्यामुळे तिथे जाडी आली नाही.

कापड टेबलावर टाकल्यावर दोन्ही जोड इतके जागेवर दिसले की घरात कुणी ते मुद्दाम केलेत का असं विचारलं. मधल्या तुकड्यातून 12 इंचांची पट्टी उरली होती, तिची मधे ठेवायला एक सडपातळ पट्टी शिवली. खाली फ्लॅनेल भिडवून लावला आहे. पूर्ण कापडाचं वजन किलोभराच्या थोडं वर गेलं, पण आमच्या मशीनमध्ये एकटं नीट धुतलं जातं.

चादरीचंही एक करणार आहे, मुलांच्या रंगकामासाठी. तुम्ही सगळ्यांनी इतक्या आपुलकीने आणि बारकाईने लिहिलंत, त्याचं मला फार मोल आहे.

टाका_टीप

फार आनंद झाला वाचून. एकच करा, उरलेल्या कापडाचा तळहाताएवढा तुकडा जपून ठेवा आणि टेबलक्लॉथ धुताना प्रत्येक वेळी तोही सोबत टाका. पुढे कधी ठिगळ लावायची वेळ आली तर दोन्हींचा रंग सारखाच उतरलेला असेल.

घडीमोड

धागा उशिरा पाहिला, पण माझाही प्रश्न याच जातीचा आहे. आमचं टेबल 60 इंच रुंद आणि अंडाकृती आहे, लांबी 84. चौकोनी कापड टाकलं की चारही कोपरे जमिनीकडे लोंबतात. हीच आडव्या तुकड्यांची रीत चालेल का?

टाका_टीप

चालेल. आधी तीन तुकडे जोडून चौकोनच करा, 8 इंचांच्या हिशेबाने 76 बाय 100, दुमडीसाठी सगळीकडे इंचभर जास्त ठेवून. जोड खुर्च्यांच्या मधेच. मग चौकोन टेबलावर उलटा टाका, म्हणजे शिवणीची बाजू वर. मधोमध आणि कडेने जड पुस्तकं ठेवा, कापड जरासुद्धा सरकता कामा नये. पुठ्ठ्याची 9 इंचांची पट्टी कापा, ती टेबलाच्या धारेला टेकवून उभी धरा आणि खालच्या टोकाशी खडूने खूण करा. दर दोन-तीन इंचांवर अशी खूण करत पूर्ण फेरी मारा. खुणा जोडून कापलं की अंडाकृती आपोआप टेबलाच्याच आकाराची येते.

गोलाईत रुंद दुमड बसत नाही, चुण्या पडतात. म्हणून एका इंचाची दुमड न करता तिरक्या धाग्यात कापलेली पट्टी लावून कड बंद करा. तसं करायचं असेल तर पुठ्ठ्याची पट्टी 9 ऐवजी 8 इंचांची घ्या, कारण मग कड आत दुमडायची राहत नाही.

घडीमोड

समजलं. पट्टी त्याच कापडाची घेऊ की वेगळ्या रंगाची?

टाका_टीप

त्याच कापडाची घ्या, पण जुळवायला जमत नसेल तर एक-दोन छटा गडद चालेल. तिरकी कापलेली पट्टी दीड इंच रुंद ठेवा. लावताना ती ताणू नका, नाहीतर कड आतल्या बाजूला वळते.